फायरप्लेसची चौकट: एमडीएफ की दगड?
दादरच्या फ्लॅटमध्ये इलेक्ट्रिक फायरप्लेसभोवती एमडीएफची (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या बोर्डाची) चौकट करावी का, असं विचारलंय तुम्ही. ज्वाळा नुसत्या दिव्याच्या, म्हणून लाकूड चालतं. पण मुंबईच्या पावसाळ्यात साधं एमडीएफ कडेने फुगतं, लॅमिनेटची पट्टी सुटते. मरीन प्लाय, म्हणजे ओल सोसणारं प्लायवूड घ्या. कुणी पांढरा संगमरवरही सुचवेल. दिसतो झकास, पण चहाचा कप टेकवला की डाग बसलाच. त्यापेक्षा ग्रॅनाइट बरा, फक्त भिंत पक्की हवी, जिप्समचं पार्टिशन नको. हीटर लावणार असाल (मुंबईत कशाला, देव जाणे!) तर १६ अँपिअरचा सॉकेट लागेल आणि गरम हवेची जाळी मोकळी ठेवा. लोणावळ्याच्या बंगल्यात खरी लाकडं जाळायची असतील, तर मात्र तोंडाशी प्लायसुद्धा नको, दगड नाहीतर वीटच.