प्रतिसाद: छर्रे डावीकडे खाली जात आहेत

भाऊ, नवीन एअर पिस्तूल घेऊन आठवडा झाला आणि छर्रे सारखे डावीकडे खाली लागताहेत, असं तुम्ही लिहिलंय. आधी साईटचा (पिस्तुलावरच्या नेम धरायच्या खुणेचा) स्क्रू फिरवणं थांबवा. उजव्या हाताने मारणाऱ्या नवख्याचं बहुतेक वेळा हेच होतं: ट्रिगरला हिसका बसतो आणि त्याच क्षणी सगळी मूठ आवळली जाते.

पंधरा दिवस कागदी टार्गेट काढून ठेवा, त्याच्या जागी कोरा कागद लावा आणि फक्त पुढच्या साईटची धार बघत ट्रिगर मागे घ्या. टार्गेट लावल्यावरही साईटच स्पष्ट दिसायला हवी, काळं वर्तुळ धूसर दिसलं तरी चालतं. १० मीटरवर दहाचं (दहा गुणांचं, मधलं) वर्तुळ जेमतेम ११.५ मिमीचं असतं, म्हणून डोळा तिकडे पळतो. स्प्रिंगचं पिस्तूल असेल तर छर्र्याशिवाय मारू नका, आतलं हवा अडवणारं सील जातं.

आपल्या भुसावळकडे मे महिन्यात घामाने ग्रिप हातात फिरते. मी दर पाच छर्र्यांनी तळवा सुती पंच्याला पुसतो, त्याने फार फरक पडला.

आणि गच्चीवर मारता हे वाचून काळजी वाटली. शेजारी कपडे वाळत घालायला कधीही वर येतात. बंद खोली, मागे छर्रे अडवणारी पेटी, डोळ्यांना चष्मा, एवढं आजच करा.