भाऊ पोर्तुगालात आहे, पण सामने मिळत नाहीत. परत बोलवावं का?

परभणीची ताई
धाकटा भाऊ १९ वर्षांचा आहे, फुटबॉलमध्ये डावा बॅक, म्हणजे डाव्या बाजूचा बचावपटू, म्हणून खेळतो. परभणीच्या स्टेडियमवर खेळत मोठा झाला, नंतर पुण्याच्या अकादमीत गेला. १८ पूर्ण झाल्यावर पोर्तुगालातल्या एका लहान क्लबनं करार केला. चौथ्या पातळीची लीग आहे. गावात पेढे वाटले होते आम्ही.

सुरुवातीला सरावावरून आला की फोन करायचा, कॅमेरा फिरवून मैदान दाखवायचा. बाबा म्हणायचे, एवढं हिरवं गवत तर आपल्याकडं श्रावणातही दिसत नाही. आता फोन कमी झालेत. सामन्याचं विचारलं की विषय बदलतो. बहुतेक बाकावर असतो, काही वेळा यादीतही नाव नसतं. आई म्हणते, "लेकरू सुकायलंय, बोलवून घे." बाबांनी पतसंस्थेचं कर्ज काढून पाठवलंय, ते म्हणतात अजून थोडं थांबू.

मला खेळातलं फार कळत नाही. हे असंच असतं का? आणि परत आला तर इथं लगेच खेळता येतं का?

जिंतूर रोड
बोलवून घ्या ताई. भारताचा फुटबॉलपटू सुनील छेत्री २०१२ साली पोर्तुगालातच, लिस्बनच्या स्पोर्टिंग क्लबात गेला होता. तिथं त्याला ब संघातून मोजके सामने मिळाले. २०१३ मध्ये तो गोव्याच्या चर्चिल ब्रदर्सकडं खेळायला आला आणि त्या मोसमात चर्चिलनं आय-लीग, म्हणजे देशातली तेव्हाची सर्वात वरची लीग, जिंकली. पुढं भारतासाठी नव्वदहून जास्त गोल त्यानंच केले. परत येण्यात कमीपणा काहीच नाही.

गोदाकाठचा कोच, नांदेड
छेत्रीचं खरं आहे, पण तो गेला तेव्हा जवळपास २८ वर्षांचा होता, भारताचा नावाजलेला खेळाडू होता. परत आल्यावर त्याला घ्यायला क्लब रांगेत उभे होते. १९ वर्षांच्या पोराचं तसं नसतं, म्हणून सविस्तर लिहितो.

मी पोरांना गोलकीपिंग शिकवतो, त्यामुळं आधी भारताचा गोलकीपर गुरप्रीतसिंग संधू आठवतो. २०१४ साली तो नॉर्वेच्या स्टाबेक क्लबात गेला. वरच्या लीगमधला पहिला सामना मिळायला २०१६ उजाडलं. त्याच वर्षी युरोपा लीग या युरोपातल्या क्लबांच्या स्पर्धेच्या पात्रता फेरीत उतरला, असा तो पहिला भारतीय. जवळपास दोन वर्षं तो सराव करत राहिला. पण गोलकीपरची जागा एकच असते आणि त्याला वय साथ देतं. डाव्या बॅकनं १९ व्या वर्षी दोन वर्षं बाकावर काढणं मला पटत नाही. त्या वयात सराव कितीही चांगला असो, शनिवार-रविवारच्या सामन्यातली ९० मिनिटं दुसरीकडं कुठं मिळत नाहीत. थकल्यावर कुठं उभं राहायचं, हे सामन्यातच शिकतो माणूस.

आता आपल्या पोरांची नेमकी अडचण सांगतो. आपलं मैदान टणक. चेंडू टप्पा घेऊन उडतो, म्हणून आपली पोरं छातीवर, मांडीवर चेंडू फार सुरेख घेतात. ओल्या गवतावर तो उडत नाही, जमिनीलगत सरकत येतो आणि वेग फारसा कमी होत नाही. डाव्या बॅकनं चेंडू पायाशी यायच्या आधीच कंबर फिरवून अंग मैदानाकडं उघडं ठेवायला हवं, म्हणजे पहिला स्पर्शच पुढं जातो. चेंडू थांबवून मग वळायला गेला की समोरचा विंगर, म्हणजे कडेनं चढाई करणारा खेळाडू, अंगावर आलेला असतो. कोच अशा पोराला दोन-तीनदा बघतो आणि बसवतो. हे शिकता येतं, पण कुणीतरी रोज करून घ्यावं लागतं. म्हणून त्याला "खेळलास का" असं विचारू नका. विचारा, "कोच तुझ्याशी काय बोलतो?" सरावानंतर कुणी दहा मिनिटं थांबून त्याचं काही दुरुस्त करत असेल, तर मोसम संपेपर्यंत थांबावं आणि सोबत खालच्या लीगमध्ये लोनवर, म्हणजे काही काळ दुसऱ्या क्लबकडून खेळायला, जायची मागणी करावी. कुणी बोलतच नसेल, तर तिथं वर्ष घालवू नये.

परत येण्याचं असं: इकडच्या क्लबला त्याची नोंदणी साधारणपणे ट्रान्सफर विंडोतच, म्हणजे क्लब बदलायच्या ठरलेल्या काळातच, करता येते आणि त्यासाठी पोर्तुगालच्या महासंघाचं आंतरराष्ट्रीय ट्रान्सफर प्रमाणपत्र लागतं. हे काम क्लब आणि दोन्ही महासंघ करतात. "प्रमाणपत्र काढून देतो" म्हणून कुणी पैसे मागितले तर एक रुपयाही देऊ नका.

माजी विंगर, संभाजीनगर
मी विद्यापीठाकडून खेळले आहे, बाहेरदेशी गेले नाही. पण भारताची फुटबॉलपटू बाला देवी हिचा प्रवास मी मनापासून बघितलाय. जानेवारी २०२० मध्ये ती ग्लासगोच्या रेंजर्सकडं गेली आणि थोड्याच दिवसांत कोरोनानं लीग बंद पडली. पहिला गोल व्हायला डिसेंबर उजाडला. मणिपूरची मुलगी, तिशीला आलेली, तरी ते महिने तिला किती जड गेले असतील. तुमचा भाऊ तर १९ चा आहे.

ताई, तो सुकतोय असं आई म्हणते, ते हलक्यात घेऊ नका. खेळाडूचं वजन उतरलं की पाय जड होतात, मग सराव बिघडतो. काय खातो, कुणासोबत राहतो, तिथली भाषा थोडीफार येते का, हे विचारा. मैदानावर डाव्या बॅकला सेंटर बॅकची, म्हणजे मधल्या बचावपटूची, हाक कळलीच पाहिजे. ती न कळणाऱ्याला कोच उतरवतच नाही.

परभणीची ताई
सगळ्यांचे आभार. काल रात्री तासभर बोललो. ट्रेनर रोज सरावानंतर त्याला थांबवून घेतो आणि तेच अंग उघडं ठेवण्याचं करून घेतो म्हणाला! भाषा येत नाही, ड्रेसिंग रूममध्ये गप्प बसतो. खोलीत तिघं आहेत, स्वयंपाक हाच करतो. आणि एक गोष्ट लपवली होती: दोन महिन्यांचा पगार मिळालेला नाही. "बाबांना कर्जाचं टेन्शन येईल म्हणून बोललो नाही," म्हणाला.

गोदाकाठचा कोच, नांदेड
ट्रेनर थांबवतो म्हणजे पोरात त्यांना काहीतरी दिसलंय. हे फार चांगलं झालं. बाबांना नक्की सांगा.

पगाराचं मात्र आजच हाती घ्या. आधी करार बघा. लेखी करार आणि खर्चापेक्षा जास्त मोबदला असेल तरच फिफा त्याला व्यावसायिक मानते. तसा असेल, तर फिफाचा नियम स्पष्ट आहे: दोन महिन्यांचे पगार थकले की खेळाडूनं क्लबला लेखी कळवून किमान १५ दिवसांची मुदत द्यायची. तरीही पैसे आले नाहीत, तर करार मोडायला ते योग्य कारण ठरतं. नुसतं तोंडी सांगून किंवा रागानं निघून येऊन चालत नाही, उलट तोच अडचणीत येतो. पोर्तुगालात खेळाडूंची संघटना आहे, लिस्बनला. पत्र त्यांना दाखवून मगच पाठवा.

बहुतेक वेळा पत्र गेलं की पैसे येतात. आले तर त्यानं मोसम पूर्ण करावा आणि लोनचं बोलणं उन्हाळ्याच्या विंडोआधी सुरू करावं. भाषेची शिकवणी उद्यापासून लावा.

परभणीची ताई
करार मागवलाय, फोटो पाठवतो म्हणाला. त्यावर पगाराची रक्कम आणि तारीख आहे. बाबा पत्राला तयार आहेत. आईला मी समजावते, की मे महिन्यापर्यंत थांबू.