मदत हवी आहे: डायपर आणि दुधाच्या डब्याचा खर्च झेपेनासा झालाय (कुपवाड, सांगली)

नमस्कार मंडळी,

एरवी मी इथे पाककृती वाचून गुपचूप निघून जाते. आज लिहितेय, कारण हा हिशोब घरात कुणापुढे मांडावा असं माणूस उरलेलं नाही. ज्याच्यापुढे मांडावा तो आधीच काळजीत.

मुलगी अडीच महिन्यांची आहे, मोठा मुलगा चार वर्षांचा. मिस्टर कुपवाड एमआयडीसीत ठेकेदाराकडे होते. उन्हाळ्यात ते काम संपलं, तेव्हापासून मिळेल ते करतात, कधी टेम्पोवर, कधी सेंट्रिंगवर. पैसे येतच नाहीत असं नाही, पण कधी येतील याला धरबंध नाही. मी बाळंतपणाआधी कापडाच्या दुकानात होते. तिथे बाळंतपणाची रजा म्हणजे "या आता, बरं झालं की बघू".

दिवसाला सात-आठ डायपर लागतात, एक साधारण नऊ रुपयांना पडतो. म्हणजे महिन्याला दोन हजार. वरच्या दुधाची पावडर आठवड्याला चारशे ग्रॅमचा एक डबा, तो चारशेच्या वर. शिवाय वाइप्स, बेबी पावडर, ग्राइप वॉटर. लाडकी बहीणचे 1,500 येतात ते आले तसे मेडिकलवाल्याकडे जातात. खोलीभाडं साडेतीन हजार वेगळंच.

"लंगोट वापर की" म्हणणाऱ्यांना आधीच सांगते. मोठ्याला लंगोटावरच वाढवलाय. पण तेव्हा मी माहेरी होते, अंगण होतं, ऊन होतं. आता वरच्या मजल्यावर एक खोली, गॅलरी नाही, गच्चीला मालकांचं कुलूप. आमच्या भागात पूर येत नाही, आयर्विन पुलावर पाणी किती फुटांवर गेलं ते आम्ही मोबाइलवरच बघतो, पण भिंतींना ओल आहे. लंगोट दोन-दोन दिवस वाळत नाहीत, कुबट वास येतो, आणि आता मांड्यांच्या खोबणीत लाल चट्टेही उठलेत.

दुसरं म्हणजे सासूबाई म्हणतात पावडर जरा पातळ कर, डबा दहा दिवस जाईल. नाहीतर गाईचं दूध पाणी घालून दे. शेजारच्या काकूही तेच सांगतात, त्यांची पोरं तशीच वाढली म्हणे. मला धीर होत नाही, आणि नाही म्हणायला कारणही सापडत नाही.

डायपर कितपत कमी करता येतील? पावडरचं काय करू? सरकारी काही मिळतं का? केशरी कार्ड आहे, बाळंतपण सरकारी दवाखान्यातच झालं. कुणी पैसे पाठवतो म्हणू नका, खाते नंबर मी देणार नाही. वाट दाखवा, तेवढं पुरे.

– कुपवाडची_सून

मिरजेची_सिस्टर:
ताई, आधी पावडरचं बोलते, बाकीचं थांबू शकतं. पातळ करायची नाही. अजिबात नाही. डब्यावर जे माप दिलंय ते त्याच डब्यातल्या चमच्याने, सपाट भरून, आधी पाणी मोजून. पाणी जास्त झालं की बाळाचं पोट भरतं, पण अंगाला काही लागत नाही आणि वजन अडकतं. त्यात भर म्हणजे रक्तातलं सोडियम उतरून झटके येऊ शकतात. अशी बाळं मी वॉर्डात बघितलीत. आणि त्यांच्या घरात कुणी वाईट नव्हतं, डबा पुरवायला बघत होते एवढंच. गाईचं दूधही वर्षाच्या आत मुख्य दूध म्हणून नको, त्यात लोह फार कमी असतं आणि इतक्या लहान मूत्रपिंडांना ते जड जातं. सासूबाईंना सांगा सिस्टरने बजावलंय, वाईटपणा माझ्याकडे.

आता मला सांगा, पावडर मुळात चालू का झाली? वजन कमी भरलं होतं का?

कुपवाडची_सून:
वजनाचं कुणी काही बोललं नाही सिस्टर. रोज संध्याकाळी सहा-सातला रडायला लागते ती थांबतच नाही. सगळे म्हणाले आईला दूध कमी पडतंय. म्हणून दीड महिन्याची असताना डबा आणला.

मिरजेची_सिस्टर:
मला तेच वाटलं होतं. संध्याकाळचं रडणं सहा ते आठ आठवड्यांच्या सुमाराला सगळ्यात जास्त असतं, दूध भरपूर असलेल्या बाळांचंही. नुसत्या रडण्यावरून दूध कमी आहे असं ठरत नाही. ते ठरतं वजनावरून आणि शूवरून. अंगावरचं दूध पुरत असलं की चोवीस तासांत सहा किंवा जास्त वेळा शू होते. डायपरमध्ये हे कळतच नाही, सगळं आत जिरतं. एक दिवस लंगोटावर ठेवून मोजा. सध्या पावडरही चालू आहे, म्हणून नुसत्या त्या आकड्यावर जाऊ नका, वजनही करून घ्या. आशाताईंना वजनकाटा आणायला सांगा, नाहीतर सांगली सिव्हिलला किंवा मिरजेच्या शासकीय रुग्णालयात बालरोग विभागात जा. एक वर्षापर्यंतच्या आजारी बाळाला सरकारी दवाखान्यात उपचार आणि औषधं फुकट आहेत, जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात. चट्टेही तिथेच दाखवा. खोबणीतले लाल चट्टे बुरशीचे असू शकतात, त्याला मलम वेगळं लागतं. मेडिकलमधून अंदाजाने उचलू नका.

पावडर एका दिवसात बंद करू नका. प्रत्येक वेळी आधी अंगावर, दोन्ही बाजूंनी, मग लागलीच तर वरचं. दिवसभरात आठ ते बारा वेळा. रात्रीचं पाजणं चुकवू नका, दूध वाढवणारं संप्रेरक रात्री जास्त असतं. वजन वाढतंय हे बघत बघत डॉक्टरांच्या सल्ल्याने वरचं उतरवत न्यायचं. जे द्याल ते वाटी-चमच्याने, बाटली आणू नका. बाटलीने बाळ ओढायला आळशी होतं, आणि एका खोलीत ती रोज नीट उकळणं होत नाही.

बेबी पावडर, ग्राइप वॉटर, वाइप्स आजपासून बंद. अंगाला लावायची ती पावडर बाळाच्या नाकात जाते, ग्राइप वॉटरची गरज नाही, आणि वाइप्सचं काम कोमट पाणी आणि सुती फडकं करतं. तेवढ्याने तुमचे थोडे पैसे सुटतील.

विट्याची_आजी:
पोरी, लंगोट वाळत नाहीत ते जाड कापडाचे असतील म्हणून. बाजारात शिवून मिळतात त्यांना आत अस्तर असतं, ते पावसाळ्यात कधीच वाळायचे नाहीत. जुनं धोतर बघ कुणाचं, नाहीतर धुवून धुवून विरलेली सुती साडी. इचलकरंजीकडचं पातळ धोतर असलं तर सोनंच. चौकोनी तुकडे फाडायचे, कडा शिवायच्या नाहीत. शिवणीत पाणी राहतं आणि तिथूनच वास सुटतो. बांधताना घडी घालून चार पदर करायचे, धुतलं की उलगडून एकपदरी वाळत घालायचं. पंख्याखाली तीन-चार तासांत वाळतंय.

पिळल्यावर कोरड्या टॉवेलात गुंडाळून वर पाय द्यायचा, निम्मं पाणी टॉवेल ओढून घेतो. खोलीत दोरी भिंतीला लावून बांधू नको, मधोमध पंख्याखाली बांध. जरा दमट राहिलं तर इस्त्री फिरव. दमट लंगोट बाळाला बांधायचा नाही, चट्टे त्यानंच येतात. आणि गादीवर रबरी शीट, त्यावर दुपटं. दुपारी बाळ झोपलं की लंगोटसुद्धा नको, उघडंच ठेव. वारा लागला की कातडी बरी होते.

शेगडीवर मात्र वाळवू नकोस. आमच्यात बाळंतिणीच्या खोलीत शेगडी असायची, पण तेव्हा घराला कौलं होती, धूर जायचा. बंद खोलीत कोळसा जीवावर येतो.

घरमालकिणीला तू स्वतः विचार. मालकाला नको. पोरं झालेली बाई दोन तास गच्ची उघडून देते.

कुपवाडची_सून:
आजी, सासऱ्यांची धोतरं ट्रंकेत पडून आहेत. सासूबाई देतील का माहीत नाही, पण विचारते.

विट्याची_आजी:
नातीला आजोबांचं धोतर म्हटल्यावर नाही म्हणायची नाही ती.

पेठेतला_दुकानदार:
माझं दुकान आहे म्हणून धंद्याची बाजू सांगतो, माझ्याकडूनच घ्या असं नाही.

पाकिटाची किंमत बघू नका, भागिले नग करा. कोपऱ्यावर सुटा डायपर मिळतो तो सगळ्यात महाग. पँटसारखा चढवायचा असतो त्यापेक्षा चिकटपट्टीचा स्वस्त पडतो, आणि अडीच महिन्यांच्या बाळाला पँटची गरज काय? ते पळत नाही. साइज वजनावर घ्या, एस साधारण 4 ते 8 किलो, एम 7 ते 12. मोठा साइज घेऊन ठेवला तर मांडीतून गळतो आणि नगाला महागही पडतो. आणि स्कीम आहे म्हणून एकाच साइजची चार पाकिटं घरात भरू नका, या वयात पोरं झरझर वाढतात.

22 सप्टेंबर 2025 पासून बाळांच्या डायपरवरचा जीएसटी 12 टक्क्यांवरून 5 वर आलाय. कुणी जुनी छापील किंमत दाखवली तर विचारा. विचारणाऱ्या गिऱ्हाईकाला आम्ही फसवत नाही (हसू नका).

माझं मत विचाराल तर रात्री झोपताना एक, आणि दवाखान्यात किंवा गावाला जाताना. बाकी दिवस आजींच्या पद्धतीने. दिवसाला दोन धरले तर महिना साडेपाचशेच्या आत बसतो. शी झाली की मात्र लगेच बदला, रात्री असो की दिवसा.

अंगणवाडीतली_ताई:
सरकारी योजनांचं मी सांगते, रोजचं काम आहे.

पहिली गोष्ट केंद्राची प्रधानमंत्री मातृवंदना योजना. पहिल्या बाळाला 5,000 मिळतात हे सगळ्यांना माहीत असतं, पण दुसरं अपत्य मुलगी असेल तर 6,000 आहेत हे बऱ्याच जणींना माहीत नसतं. तुमची मुलगी दुसरीच आहे. जन्मापासून 270 दिवसांत अर्ज व्हावा लागतो. जन्मनोंद आणि साडेतीन महिन्यांपर्यंतच्या लसी लागतात, त्यामुळे पेंटाचा (पाच रोगांवरच्या एकत्र लसीचा) डोस चुकवू नका आणि लसीकरणाचं कार्ड जपा. पैसे तुमच्या स्वतःच्या, आधार जोडलेल्या खात्यात येतात, मिस्टरांच्या नाही.

दुसरी राज्य सरकारची लेक लाडकी योजना. 1 एप्रिल 2023 नंतर जन्मलेली मुलगी, पिवळं किंवा केशरी कार्ड, वार्षिक उत्पन्न एक लाखाच्या आत. जन्मानंतर 5,000, पहिलीत 6,000, सहावीत 7,000, अकरावीत 8,000 आणि अठरा पूर्ण झाल्यावर 75,000. एक मुलगा एक मुलगी असेल तर मुलीला मिळतं, म्हणजे तुम्हाला. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला लागतो आणि वेळ त्यातच जातो, म्हणून त्याला आधी लागा. दुसऱ्या अपत्यानंतर कुटुंब नियोजन शस्त्रक्रियेचं प्रमाणपत्र मागतात. ते दोघांपैकी कुणाचंही चालतं, हेही घरात सांगा. पुरुषांची शस्त्रक्रिया सोपी असते, पण कुणी पुढे येत नाही.

तिसरं, बाळ सहा महिन्यांचं होईपर्यंत स्तनदा माता म्हणून तुम्हाला अंगणवाडीतून घरी न्यायचा आहार मिळतो, नंतर तोच बाळाच्या नावाने. नाव नोंदवलंय का? नसेल तर उद्याच जा. बेबी केअर किट मात्र पहिल्या बाळंतपणालाच असतं, त्याच्या मागे लागू नका.

हे पैसे उद्या हातात येणार नाहीत. पावडरीचा डबा त्यावर उधार आणू नका.

सेंट्रिंगवाला_भाऊ:
मिस्टर सेंट्रिंगवर जातात म्हणालात म्हणून. मागच्या वर्षभरात बांधकामावर 90 दिवस भरले की बांधकाम कामगार मंडळात नोंदणी होते. आमच्या धाकट्याच्या वेळी 15,000 मिळाले, सिझेरियनला 20,000 आहेत. ते या बाळाला बसणार नाहीत, नोंदणी आधीची लागते. पण पोरांच्या शिक्षणाला मंडळाचं बरंच असतं. कोणत्या साइटवर किती दिवस, हे आतापासून वहीत लिहून ठेवायला सांगा. ठेकेदार नंतर ओळख दाखवत नाही.

विश्रामबागकर:
आमच्याकडे एस साइजचं निम्मं पाकीट, मच्छरदाणी आणि झबली-टोपडी आहेत, सगळी धुतलेली. मुलगा भराभर वाढला, काही तर अंगाला लागलीच नाहीत. ताई, घरचा पत्ता इथे लिहू नका. मी तुमच्या अंगणवाडीत आणून ठेवतो, कुठली ते निरोपात कळवा.

कुपवाडची_सून:
दादा, घेते. निरोप पाठवलाय.

बाकी सगळ्यांना: मालकीणबाईंनी अकरा ते एक गच्ची दिली, पाऊस नसला तर. धोतरं मिळाली. सासूबाईंनी स्वतःच फाडली, आणि माझे चौकोन वाकडे म्हणून परत फाडली. काल लंगोटावर ठेवून शू मोजली, नऊ वेळा. वजनाला सोमवारी सिव्हिलला जातोय, चट्टेही तेव्हाच दाखवते. अंगणवाडीत नाव नव्हतंच, आज घातलं.

मिरजेची_सिस्टर:
नऊ चांगलंच आहे. सोमवारी लसीकरणाचं कार्ड घेऊन जा आणि वजन त्यावर लिहूनच घ्या, तोंडी नको. पुढच्या वेळी तुलना त्याच्याशीच करायची असते.

जतची_लेक:
मध्येच विचारते. माझी मुलगी माहेरी, जतला झाली, सासर तासगावला. मातृवंदनेचा अर्ज कुठे करायचा?

अंगणवाडीतली_ताई:
सध्या जिथे राहताय तिथल्या अंगणवाडीत. आधार आणि बँक पासबुक सोबत न्या, लसीकरणाचं कार्ड जतचं असलं तरी चालतं.