कामगारनेत्याचे सभासदांशी असलेले काम

व्यवस्थापनाशी ठामपणे भांडतो तोच खरा कामगारनेता, या नेहमी ऐकू येणाऱ्या मताला थोडी जोड द्यावीशी वाटते. ठामपणा हवाच, परंतु मागण्यांचा मसुदा सभासदांपुढे ठेवून त्यांची संमती घेणे आणि करारावर सही करण्यापूर्वी तो पुन्हा त्यांच्याकडे नेणे हे काम मला अधिक कठीण वाटते, कारण कायम आणि कंत्राटी कामगारांचे हितसंबंध नेहमीच जुळत नाहीत आणि सभेत ज्यांचा आवाज मोठा, त्यांच्याच मागण्या यादीत वर चढतात. (कंत्राटी कामगार तर पुष्कळदा सभासदही नसतात.) अशा वेळी नेत्याला आपल्याच पाठीराख्यांची नाराजी पत्करावी लागते.

नोकरीवर गदा येण्याची भीतीही खरी आहे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा १९७१ सालचा १३५ क्रमांकाचा करार, कायद्याला धरून काम करणाऱ्या प्रतिनिधींना त्या कामाबद्दल होणाऱ्या बडतर्फीपासून संरक्षण मिळावे आणि ते काम पार पाडण्यासाठी सोयी मिळाव्यात, असे सांगतो. त्याच्या पाचव्या कलमाकडे मात्र चर्चेत फारसे कोणी वळत नाही: जेथे कामगारांच्या युनियनचे प्रतिनिधी आणि कामगारांनी थेट निवडलेले प्रतिनिधी असे दोन्ही असतील, तेथे निवडलेल्यांचा वापर युनियनला दुबळे करण्यासाठी होऊ नये, अशी दक्षता त्यात अपेक्षित आहे.