मदत हवी आहे : स्वावलंबी जगण्यासाठी मराठवाड्यातील कोणता भाग निवडावा?

परतवाट :
नमस्कार. पुण्यातील सदनिकेचा विसार घेऊन झाला आहे आणि पाडव्यापर्यंत शेतजमिनीचे खरेदीखत व्हावे, अशी आमची इच्छा आहे. ज्वारी, डाळ, तेल, दूध आणि भाजीपाला घरच्या शेतात पिकावा. मीठ, साखर, कापड आणि औषधे यांखेरीज बाजारातून काही आणावे लागू नये, एवढीच आमची स्वावलंबनाची व्याख्या आहे. चार महिने फिरून आम्ही तीन भाग निवडले आहेत : नांदेड जिल्ह्यातील किनवट-माहूर, हिंगोलीतील वसमत-औंढा आणि बीडमधील अंबाजोगाई-धारूरचा बालाघाट. माझा कल किनवटकडे आहे, कारण तेथे जंगल आहे, पाऊस मराठवाड्याच्या मानाने चांगला पडतो आणि आम्हाला सांगितलेले भावही तेथेच सर्वांत कमी होते. ज्याला विचारावे तो "बघा, विचार करा" एवढेच म्हणतो. कृपया या तिन्हींपैकी एकच नाव सांगावे आणि त्याचे कारण द्यावे. मराठवाडाच का, कोकण का नाही, ही चर्चा नको. आमची मुळे इकडची आहेत.

पूर्णाकाठ :
एकच नाव हवे असेल तर वसमत. येलदरी आणि सिद्धेश्वर ही पूर्णा नदीवरची दोन धरणे आमच्या पाठीशी आहेत आणि कालव्याखालची काळी जमीन एकदा भिजली की गहू, हरभरा, भाजी काहीही घ्या. आमच्या वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. मी सहा एकरांपैकी दोन एकर हळद करतो आणि त्या पैशावर घरचा वर्षाचा सगळा खर्च भागतो. कोरडवाहू भागात जाऊन स्वावलंबनाचा प्रयोग करणे म्हणजे आकाशाकडे डोळे लावून बसणे होय.

निरीक्षणविहीर :
परतवाट, आपण तालुके सांगितलेत. परंतु घरात माणसे किती, सातबाऱ्यावर आपले नाव कोठे आहे काय, जनावरे किती ठेवणार आणि पाहिलेल्या जागांपैकी एखाद्या तरी विहिरीचे पाणी मे महिन्यात पाहिले आहे काय, यांपैकी काहीच लिहिले नाही. त्याशिवाय नाव सांगणे मला योग्य वाटत नाही.

माझी सारी नोकरी विहिरींची पातळी मोजण्यात गेली. मराठवाड्याचा बहुतेक भाग बेसाल्टचा आहे. वर माती, खाली मुरूम, मग मांजऱ्या म्हणजे अर्धवट झिजलेला खडक आणि त्याखाली काळा पाषाण. पाणी साठते ते मुरमात आणि खडकाच्या भेगांत. त्यामुळे एका बांधाच्या अलीकडची विहीर बारमाही असते आणि पलीकडची फेब्रुवारीतच तळ दाखवते. पावसाचा आकडा याचे उत्तर देत नाही. किनवट-माहूरकडे हजार मिलिमीटरच्या आसपास आणि आष्टी-पाटोद्याकडे सहाशेच्या आसपास पाऊस पडतो हे खरे. पण पडलेले पाणी कोठे मुरते आणि किती दिवस टिकते, यावर उन्हाळा ठरतो. नांदेडच्या पूर्व भागात बेसाल्ट संपून ग्रॅनाइट लागतो आणि किनवट तालुक्यातील काही गावांच्या पाण्यात फ्लोराइड अधिक आढळले आहे. तेथे जागा पसंत पडली तरी पाण्याचा नमुना प्रयोगशाळेतून तपासून घेतल्याशिवाय विसार देऊ नका.

सौरशेत :
इतका विचार करण्याची गरज नाही. जमीन कोठेही घ्या, पाचशे फुटांची बोअर मारा आणि 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेत अर्ज करा. दिवसा पाणी मिळते, वीजबिलाची चिंता राहत नाही. पॅनल किती अश्वशक्तीच्या पंपासाठी घ्यावे, ते पुसायचे कसे आणि गारपिटीपासून जपायचे कसे, याची सविस्तर माहिती मी देऊ शकतो.

निरीक्षणविहीर :
राज्याच्या २००९ च्या भूजल अधिनियमाने शेतीसाठी ६० मीटरपेक्षा, म्हणजे सुमारे दोनशे फुटांपेक्षा खोल विंधन विहिरीला मनाई केली आहे. शिवाय पंप सौर असो वा विजेचा, भेगेत पाणीच नसेल तर तो हवाच ओढणार.

परतवाट :
पंपाविषयी मी विचारलेले नाही. मागितलेला तपशील देतो. आम्ही चौघे आहोत : मी, पत्नी, आठवीतील मुलगी आणि ७४ वर्षांची आई. दोन गायी ठेवायच्या आहेत. कळंब तालुक्यात वडिलोपार्जित तीस गुंठे जमिनीवर माझे नाव आहे, परंतु ती माळाची आणि वाटणीत अडकलेली असल्यामुळे मी तिचा उल्लेख केला नव्हता. विहिरी आम्ही नोव्हेंबर ते जानेवारीत पाहिल्या आणि सगळ्या भरलेल्या होत्या. आईचे आठवड्यातून दोनदा होणारे डायलिसिस सोडले तर आम्हाला शहराची काहीही गरज नाही. आता तरी नाव सांगा.

माहूररान :
दादा, ही गोष्ट आपण सर्वांत आधी लिहायला हवी होती. मी किनवट तालुक्यात राहतो, माझ्या भागावर माझे प्रेम आहे आणि येथे येणाऱ्याला मी एरवी कधीच नको म्हणत नाही. तालुक्याला डायलिसिसची सोय असली तरी एखाद्या दिवशी ते केंद्र बंद पडले तर दुसरे कोठे, या प्रश्नाचे येथले उत्तर नांदेड हे आहे, आणि ते सव्वाशे किलोमीटरहून दूर आहे. पावसाळ्यात ओढ्यांना पूर आला की गावाबाहेर पडणेच कठीण होते. दुसरे असे की, किनवट तालुक्यातील बरीच गावे अनुसूचित (आदिवासी) क्षेत्रात मोडतात. आपल्याला कमी भाव सांगितला गेला असेल तर ती जमीन कोणाच्या नावे आहे, हे तपासा. आदिवासी खातेदाराची जमीन बिगर-आदिवासीस शासनाच्या पूर्वपरवानगीशिवाय घेता येत नाही आणि तशी घेऊही नये. रानडुक्कर आणि रोही (नीलगाय) यांच्यापायी भुईमूग-मक्याची राखण रात्रभर करावी लागते, हेही जंगलाच्या ओढीने येणाऱ्यांना ठाऊक नसते.

दस्तलेखक :
कायद्याचे सांगतो. आपल्याकडे हैदराबाद कूळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, १९५० लागू आहे आणि खरेदीदार शेतकरी असावा लागतो. त्यामुळे ज्या तीस गुंठ्यांना आपण मोजले नाही, तोच सातबारा आपल्याला खरेदीच्या वेळी दाखवावा लागणार आहे; वाटणी रखडली असली तरी आपले नाव कमी होऊ देऊ नका. घेण्याच्या जमिनीचे जुने फेरफार काढा. भोगवटादार वर्ग २ (म्हणजे विक्रीवर शासनाचे निर्बंध असलेली जमीन) असा शेरा असेल, किंवा मदतमाश अथवा देवस्थानच्या खिदमतमाश या निजामकालीन इनामांचा उल्लेख असेल, तर व्यवहार तेथेच थांबवा. अशा जमिनी मराठवाड्यात पुष्कळ आहेत आणि त्या स्वस्त सांगितल्या जातात.

बालाघाटी :
मी आणि माझे यजमान केज-धारूरच्या मधल्या एका गावात अकरा वर्षांपासून साडेचार एकरांवर राहतो. आपल्याला हवे तेच आम्ही करतो, म्हणून घरचा हिशेब मांडते.

चार माणसांना वर्षाला साडेचार ते पाच क्विंटल धान्य लागते. खोल काळ्या रानात रब्बी ज्वारी नुसत्या ओलीवर येते आणि बऱ्या वर्षी एकराला पाच क्विंटल देते. वर कडबा मिळतो, तो गायींचा. तूर आणि मूग एका एकरात होतात. अर्ध्या एकरात दोन क्विंटल करडई झाली तर घाण्यावर पन्नास-साठ किलो तेल निघते, ते चौघांना वर्षभर पुरते. म्हणजे धान्य, डाळ आणि तेल यांना पावसाच्या वरचे पाणी जवळजवळ लागतच नाही. लागते ती खोल माती. ही माती डोंगरमाथ्यावर मिळत नाही. माथ्याच्या मुरमाड रानात सीताफळ उत्तम येते, ज्वारी नाही. आम्ही पहिली तीन वर्षे देखाव्याला भुलून माथ्यावर काढली आणि तेथे पोटापुरते धान्य एकदाही झाले नाही.

पाण्याचे पाहा. माणशी चाळीस लिटर धरले तर चौघांना दिवसाला १६० लिटर, दोन गायी आणि वासराला १२० लिटर. हजार चौरस फुटांच्या छपरावर सातशे मिलिमीटर पाऊस पडला आणि त्यातला ऐंशी टक्के धरला तर सुमारे ५२ हजार लिटर पाणी मिळते. नोव्हेंबर ते जूनपर्यंतचे घराचे पाणी म्हणजे चाळीस हजार लिटरची बंद टाकी. खरी तहान भाजीपाल्याची आहे. पाच गुंठ्यांना ठिबकने दिवसाला दोन हजार लिटर लागतात. त्यासाठी आम्ही वीस बाय वीस मीटरचे अस्तराचे शेततळे घेतले आणि एप्रिलमध्ये लक्षात आले की, भाजी जेवढे पाणी पिते त्याहून अधिक ऊन पिते. दिवसाला आठ मिलिमीटर बाष्पीभवन धरले तरी भरलेल्या तळ्यातून तीन हजार दोनशे लिटर उडून जातात. तेव्हापासून आम्ही तळ्याचे पाणी फेब्रुवारीअखेर संपवतो, उन्हाळी भाजी दीड गुंठ्यावर आणली आहे आणि तिला जुन्या आडाचे पाणी देतो. गवार, चवळी, सांडगे, वाळवण यांवर मे महिना निघतो.

२०१८ चा दुष्काळ मात्र आम्हाला पेलला नाही. ज्वारी उगवलीच नाही, कडबा संपला, दोन देवणी गायींपैकी एक विकावी लागली आणि दुसरी छावणीवर बांधली. त्या दिवसापासून एका वर्षाचा कडबा गंजीत शिल्लक असल्याशिवाय आम्ही नवे जनावर दावणीला आणत नाही.

पूर्णाकाठ :
ताई, आपल्या कष्टांना नमस्कार. परंतु जी गाय विकावी लागली ती कालव्याखाली विकावी लागली नसती. हिरवा चारा बांधावर उभा असतो.

बालाघाटी :
धरण भरले तर, भाऊ. धरण भरले नाही तर कालव्याची उन्हाळी पाळी सुटत नाही, आणि सुटली तरी ती केव्हा सुटावी हे आपल्या हातात नसते. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, ते शहरही मांजरा धरणावरच विसंबून होते. हळद आठ-नऊ महिने रानात उभी राहते आणि सतत ओल मागते. आपले गणित पैशाचे म्हणून बरोबर आहे. यांचा प्रश्न घरच्या धान्याचा आहे.

पूर्णाकाठ :
डायलिसिसला पैसे लागतात, ताई. नुसत्या ज्वारीवर ते होत नाही. आपल्या हिशेबात रोख रकमेची ओळ कोठेच नाही.

बालाघाटी :
हे मान्य आहे. आमच्याकडे ती ओळ उस्मानाबादी शेळ्यांची आहे. बहुधा जुळी करडे होतात आणि बोकड घरूनच विकले जातात. पण वर्षाचा ठरलेला औषधखर्च शेळ्यांवर सोडावा असे मी म्हणणार नाही.

काळीमाती :
घर बांधण्याविषयी कोणी लिहिले नाही म्हणून लिहितो. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पाडते; तिच्यावर उथळ पाया घेतला तर तीन वर्षांत भिंती तडकतात. शेत काळे घ्या, पण घर मुरमावर बांधा. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपात जाड दगडमातीची माळवदाची घरे कोसळून माणसे गाडली गेली. जुना वाडा स्वस्तात मिळतो म्हणून त्यात आईंना ठेवू नका. बांधकामाला भूकंपरोधक पट्टे घालूनच घ्या.

परतवाट :
घराचा विचार पुढचा आहे, तरी आभार. आईच्या उपचाराचा खर्च सध्या बचतीतून होतो आणि ती सहा वर्षे पुरेल. किनवट मी यादीतून काढतो, मनाला लागले तरी. मग अंबाजोगाई की वसमत? विहिरी मे महिन्यात पाहण्यासाठी खरेदीखत तोवर लांबवायचे तर मधल्या काळात राहायचे कोठे, हेही सांगा. सदनिका एप्रिलमध्ये रिकामी करायची आहे.

निरीक्षणविहीर :
अंबाजोगाईला भाड्याने राहा. तेथे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे. आईंच्या उपचाराचे ठरलेले वार तेथे किंवा शहरात अन्यत्र मिळतात काय, हे घर शोधण्याआधी स्वतः जाऊन निश्चित करा. न मिळाल्यास माझा सल्ला बदलेल आणि मी नांदेडपासून जवळ म्हणून वसमत सांगेन. मुलीची शाळा जूनमध्ये सुरू होते, तोवर आपल्याला पूर्ण मे महिना मिळतो.

रुग्णालयापासून पाऊण तासाच्या आतली गावे घ्या. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या निरीक्षण विहिरींची पातळी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर अशी वर्षातून चार वेळा मोजली जाते. जिल्हा कार्यालयात अर्ज करून जवळच्या विहिरीच्या मे महिन्याच्या दहा वर्षांच्या नोंदी मागा आणि २०१६ व २०१९ या दोन दुष्काळी उन्हाळ्यांच्या नोंदी आधी वाचा. नदीकाठची सपाट जमीन मोहात पाडील, परंतु २०२५ च्या सप्टेंबरात भूम-परंड्याकडे पुराने खरवडून नेलेली राने एकदा जाऊन पाहा.

बालाघाटी :
मे महिन्यात याल तेव्हा सकाळी सहाला या, पत्नीला सोबत आणा आणि विक्रेत्याला सोबत घेऊ नका. पाणी भरणाऱ्या बायांना एवढेच विचारा की, आड कोणत्या महिन्यात आटतो आणि आटल्यावर त्या कोठे जातात. आमच्या गावातला आड पाहायचा असेल तर येथेच निरोप ठेवा. जेवण आमच्याकडे करा, भाकरी घरच्या ज्वारीची असेल.

परतवाट :
उद्या अंबाजोगाईला जाऊन उपचाराच्या वारांची चौकशी करतो. वार मिळाले की येथे कळवतो.