१२ जुलै पण घ्या यादीत

सिनेमातली कोण कोण माणसं एकाच तारखेला वारली याची यादी चालली आहे, त्यात कोणीतरी लिहिलंय की गायक मुकेश आणि दिग्दर्शक हृषिकेश मुखर्जी दोघंही २७ ऑगस्टलाच गेले, एक १९७६ ला आणि एक २००६ ला. त्यात १२ जुलैची भर घालतो. राजेंद्रकुमार १९९९, दारासिंग २०१२ आणि लगेच पुढच्या वर्षी प्राण, तिघांची तारीख एकच!

दारासिंग म्हटलं की आमच्या पिढीला कुस्ती नंतर आठवते, आधी रामायणातला हनुमान, रविवारी सकाळी गदा घेऊन आला की घरात सगळे चिडीचूप. प्राणना फाळके पुरस्कार मिळाला तोही अगदी शेवटी, २०१३ मध्ये, तब्येत इतकी खालावलेली की मंत्र्यांनी घरी जाऊन दिला. इतका उशीर का करतात देव जाणे, माणूस ९३ वर्षांचा होईपर्यंत थांबायचं?

आणि गंमत म्हणजे (गंमत कसली म्हणा) राजेंद्रकुमारचा कार्टर रोडवरचा बंगला ज्याने विकत घेऊन 'आशीर्वाद' नाव दिलं तो राजेश खन्ना पण दारासिंगनंतर सहाच दिवसांनी गेला, १८ जुलै २०१२. त्या आठवड्यात टीव्ही लावायचीच भीती वाटायची.