मदत हवी: टिपणातले साखळी-आणे आणि जुन्या कागदातली काठी मीटरमध्ये कशी आणावी?

बांधावरून
नमस्कार मंडळी. एकाच गावाचे दोन काळांतले कागद एका एक्सेल तक्त्यात आणतोय. पहिला संच इंग्रजी अमदानीतल्या मोजणीच्या टिपणांचा. त्यात लांबी '7-12', '4-4' अशी लिहिलेली आहे. दुसरा संच त्याआधीचा, मोडीतून लिप्यंतर केलेला. त्यात काठी, पांड, बिघा येतात.

अडचणी अशा:
टिपणातल्या एका त्रिकोणाचा पाया 12-8 आणि लंब 4-4 आहे. 12.8 × 4.4 ÷ 2 केलं तर 28.16 गुंठे येतात, पण कागदावर 26 गुंठे 9 आणे लिहिलेत. दुसरीकडे क्षेत्र उलट कमी भरतं. एका शेताचं तर चौपट आलं.
बिघ्यासाठी ऑनलाइन कन्व्हर्टर 14400 चौ. फूट दाखवतो. तो घ्यावा का?
हात 14 तसूंचा असेल आणि तसू म्हणजे इंच, तर हात 14 इंचांचा होतो. हे पटत नाही.

सोळाआणे
तुमचा कागद बरोबर आहे, दशांश चिन्ह चुकलंय. 7-12 म्हणजे 7 साखळ्या 12 आणे. मुंबई इलाख्यातली मोजणीची साखळी 33 फुटांची आणि तिचे भाग 16, प्रत्येक भाग एक आणा. म्हणून 7-12 = 7 + 12/16 = 7.75 साखळ्या = 255.75 फूट = 77.95 मीटर. 7.12 धरलंत तर जवळजवळ 21 फूट गायब होतात.

कुठे जास्त, कुठे कमी येतं त्याचं कारणही हेच. 1 ते 9 आणे दशांशासारखे वाचले की लांबी वाढते (4 आण्यांचे .25 ऐवजी .4 होतात). 10 ते 15 आणे वाचले की घटते (12 आण्यांचे .75 ऐवजी .12). त्यामुळे एकच टक्का लावून तक्ता दुरुस्त होणार नाही, प्रत्येक नोंद पुन्हा भरावी लागेल.

भरताना साखळ्या ए रकान्यात आणि आणे बी रकान्यात टाका. एकाच घरात 7-12 लिहिलंत तर एक्सेल त्याची तारीख करून टाकतं आणि मूळ नोंद हातची जाते. मीटरसाठी सूत्र: =(ए2+बी2/16)*10.0584. बी रकान्यात 15 पेक्षा मोठा आकडा आला तर वाचनात चूक आहे किंवा साखळीच वेगळी आहे, त्याला लाल रंगाची अट लावून ठेवा.

आता तुमचा त्रिकोण: 12.5 × 4.25 ÷ 2 = 26.5625 गुंठे. एक चौरस साखळी म्हणजेच एक गुंठा (33 × 33 = 1089 चौ. फूट), त्यामुळे गुणाकार थेट गुंठ्यांत येतो. .5625 × 16 = 9. म्हणजे 26 गुंठे 9 आणे, अगदी कागदावर आहे तसं. ज्यांनी हे लिहिलं त्यांचा हिशेब चोख होता.

सातबाऱ्याशी जुळवताना गुंठा आणि आर एक समजू नका. गुंठा 101.17 चौ. मीटर, आर 100 चौ. मीटर. हा त्रिकोण 26.87 आर होतो.

चौपट आलेल्या शेतात 66 फुटी गंटर साखळी धरली गेली असणार. ती 100 कड्यांची, एक कडी 7.92 इंचांची. लांबी दुप्पट झाली की क्षेत्र चौपट होतं. नोंदीत दुसरा आकडा 15 च्या वर जात असेल तरच गंटरचा विचार करा.

एवढं करूनही अर्धा-एक टक्का फरक उरला तर साखळी ताणलेली असू शकते. कड्या झिजून ती 2 इंच वाढली तर लांबी अर्धा टक्का आणि क्षेत्र एक टक्का कमी नोंदलं जातं.

तसूगज
बिघ्याबद्दल: 14400 चौ. फूट हा बंगालचा बिघा आहे. इथे तो अजिबात वापरू नका.

आपल्याकडची शिवकालीन रीत अशी: 5 हात 5 मुठी = 1 काठी, 20 चौरस काठ्या = 1 पांड, 20 पांड = 1 बिघा, 120 बिघे = 1 चावर. म्हणजे बिघा 20 काठ्या औरस-चौरस. ही प्रमाणं पक्की आहेत. हात मात्र किती इंचांचा, यावर सगळं अवलंबून आहे. मूठ हाताचा सहावा हिस्सा धरली तर काठी 5.83 हातांची. हात 18 इंच धरला तर काठी 8.75 फूट, बिघा 30625 चौ. फूट, म्हणजे 28 गुंठे. हात 19.5 इंच धरला तर बिघा 33 गुंठ्यांवर जातो. हातात दीड इंच फरक पडला की क्षेत्रात 17 टक्के पडतो! म्हणून मूळ रकान्यात काठ्याच ठेवा आणि हाताची लांबी वेगळ्या घरात ठेवून सूत्र तिच्याशी जोडा.

तसूचं कोडं: 14 तसूंचा हात सभासद बखरीतही येतो. तिथला तसू इंच नव्हे. 18 इंचांचे 14 भाग केले तर तसू सुमारे 1.29 इंच, आणि 24 तसूंचा गज जवळपास 31 इंच. शास्त्रग्रंथातला हात 24 अंगुळांचा असतो, त्यामुळे तसू आणि अंगुळ एका रकान्यात कधीच घालू नका.

बांधावरून
दोघांचेही मनापासून आभार. आण्यांचा घोळ सुटला. हाताची लांबी गावापुरती ठरवता येईल का? शिवाय दोन नोंदी कोसांत आहेत.

तसूगज
येईल. दोन्ही संचांत नावाने ओळखू येणारी शेतं निवडा, शक्यतो विहीर, ओढा किंवा गावठाण यांनी हद्द न बदललेली. गुंठ्यांतल्या क्षेत्राला बिघ्यांनी भागा, त्याचे चौ. फूट करा, वर्गमूळ काढा, 20 ने भागा: काठी फुटांत मिळाली. तिला 5.83 ने भागलं की हात मिळतो. एका शेतावर भिस्त ठेवू नका, मधला आकडा घ्या. पोटखराबा (शेतातला लागवडीलायक नसलेला भाग) आधी वजा करा, कारण जुन्या कागदात बहुधा लागवडीचीच जमीन धरलेली असते. काही ठिकाणी बिघा मोजलेला नसून आकारणीसाठी ठरवलेला असतो, हलक्या जमिनीला जास्त रान दिलेलं. गुणोत्तर फार विखुरलं तर ते शेत बाजूला काढा.

कोसाला भास्कराचार्यांच्या 'लीलावती' या गणितग्रंथातलं कोष्टक आहे (क्रोश म्हणजेच कोस): 4 हात = 1 दंड, 2000 दंड = 1 क्रोश. 18 इंची हाताने ते 12000 फूट, म्हणजे 3.66 किमी. व्यवहारात मात्र कोस दोन मैलांचा, 3.2 किमीच्या आसपास धरत. तुमच्या नोंदीत आजही ओळखू येणारी दोन गावं असतील तर जुन्या वाटेने अंतर मोजून कोसांनी भागा. डांबरी रस्त्याचं अंतर घेऊ नका, घाटात ते वळणांमुळे बरंच वाढतं.